३.०७ वरून ३.७३ : जुन्या सी-१०च्या मागच्या ॲक्सलचा रेशो ठरवताना

जुनी अमेरिकन पिकअप घेतली, इंजिनात थोडं काम केलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मागे कुठला रेशो टाकू? (रेशो म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे किती फेरे. आकडा मोठा तर उचल जास्त, पण त्याच वेगाला इंजिनही जास्त फिरतं.) आणि उत्तर देणारे पावलोपावली भेटतात. एक म्हणतो ४.११ शिवाय मजा नाही, दुसरा म्हणतो ३.०७ला हात लावू नकोस, हायवेवर रडशील. दोघंही आपापल्या गाडीपुरते खरं बोलत असतात, आणि नवख्याचा गोंधळ तिथेच होतो. माझं हे काम ऑक्टोबर २०२३ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये संपलं. खर्च, कागदपत्रं, वाट पाहणं, सगळं घडलं त्या क्रमाने लिहितोय. आकडे बरेच आहेत, पण पाचवीच्या गणितापलीकडचं काही नाही.

गाडी १९७२ची शेवरोले सी-१०, शॉर्ट बेड. ६७ ते ७२ या पिढीचं हे शेवटचं वर्ष. ७१पासून पुढे डिस्क ब्रेक आले, म्हणून मी ७१-७२च शोधत होतो. ॲरिझोनात मिळाली, गंज जवळपास नाही. ३५० स्मॉल ब्लॉक इंजिन, आधीच्या मालकाने थोडा गरम कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट, गरम म्हणजे वरच्या फेऱ्यांवर जोर देणारा) आणि फोर बॅरल कार्बुरेटर बसवलेला, मागे टर्बो ३५० या नावाचं तीन गिअरचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन, म्हणजे गिअरबॉक्स. मी राहतो फ्रीमाँटला, सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेला.

आधी सरकारी भाग उरकून टाकतो. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग टेस्ट, म्हणजे धुराची तपासणी नाही. इंजिन किंवा ट्रान्समिशन बदलायचा विचार असेल तर ही एक गोष्ट केवढी डोकेदुखी वाचवते, ते ७६ची गाडी घेणाऱ्याला विचारा. बाहेरच्या राज्यातून आणलेल्या गाडीचा चासी नंबर प्रत्यक्ष तपासून घ्यावा लागतो, तो डीएमव्हीच्या (वाहन नोंदणी खात्याच्या) आवारातच तपासून मिळाला. टॅक्स खरेदीच्या किमतीवर, तोही तिथेच भरायचा. शिवाय इथे पिकअप म्हणजे कमर्शियल नोंदणी, मग तुम्ही तिच्यातून फक्त भाजी आणत असलात तरी. वजनाप्रमाणे वेगळी फी लागते आणि त्यासाठी परवानाधारक वजनकाट्यावरची पावती द्यावी लागते. अपॉइंटमेंट घेऊन गेलो तरी सकाळ गेलीच, कारण ॲरिझोनाच्या टायटलवर (मालकीच्या कागदावर) विक्रेत्याची सही कुठल्या रकान्यात आहे यावरून दोन खिडक्यांचं एकमत होईना.

वजनकाट्यावर गेलात तर एक करा. पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून मागा. माझी गाडी भरली ३,८२० पौंड, त्यातले पुढे २,१८० आणि मागे १,६४०. डीएमव्हीला फक्त एकूण आकडा हवा होता. दुसरे दोन आकडे मला पुढे रेशो ठरवताना कामी आले.

नोव्हेंबरभर गाडी आहे तशीच चालवली. हायवेवर अगदी शांत. सिग्नल सुटला की मात्र जड, बोनेटखाली जे काही आहे ते पहिले पन्नास फूट झोपलेलं. मागे नेमका काय रेशो आहे हे विक्रेत्याला माहीत नव्हतं. या गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्याने चिकटवलेला कागद असतो, त्यावर गाडीबरोबर आलेले ऑप्शन लिहिलेले असतात. माझा अर्धा उडून गेला होता. आणि शाबूत असता तरी पन्नास वर्षांत ॲक्सल बदलला नसेल याची खात्री काय? म्हणून गाडीलाच विचारायचं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावले, गिअर न्यूट्रलला, मागचं एकच चाक जॅक-स्टँडवर उचललं. प्रोपेलर शाफ्टवर (ट्रान्समिशनपासून मागच्या ॲक्सलला जाणाऱ्या दांड्यावर) खडूची रेघ, टायरवर खडूची रेघ. साधा ओपन डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारा) असेल तर दुसरं चाक जमिनीवर घट्ट असतं, त्यामुळे उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवले की शाफ्टचे फेरे म्हणजे तुमचा रेशो. मुलगा खाली आडवा पडून मोजत होता. तीन फेरे, आणि वर किंचित. म्हणजे ३.०७. पुढे कव्हर उघडल्यावर क्राउनच्या (ॲक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाच्या) कडेला ४३ आणि १४ हे आकडे ठोकलेले दिसले, म्हणजे क्राउनचे आणि त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनचे दात. ४३ भागिले १४, हिशेब जुळला. मागच्या कव्हरला बारा बोल्ट, म्हणजे जीएमचा ट्रकवाला ‘ट्वेल्व्ह बोल्ट’. मजबूत ॲक्सल आहे, माझ्यासारख्या इंजिनासाठी तो बदलायची गरज नव्हती.

डिसेंबरात सांगलीला फोन केला. माझे धाकटे मामा आयुष्यभर ट्रकांच्या डिफरन्शियलमध्ये हात घालून बसलेले. त्यांना सी-१० म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण क्राउन-पिनियन म्हटल्यावर आवाज बदलला. मी ३.७३, ४.१० वगैरे सुरू केलं तर त्यांनी मध्येच तोडलं. “अरे, ते आकडे ठेव बाजूला. तू ती गाडी रोज कुठं चालवणार, किती स्पीडनं, ते सांग. आणि टायर मोजलास का?”

टायर मोजला नव्हता. बाजूवर २७५/६०-आर-१५ लिहिलंय, कॅल्क्युलेटरमध्ये टाकलं की व्यास २८ इंच येतो, झालं, असं मी धरून चाललो होतो. मामांनी सांगितल्याप्रमाणे हवा बरोबर भरली, टायर जमिनीला टेकतो तिथे खडूने खूण केली, सपाट ड्राइव्हवेवर गाडी ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा केला आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने घेतलं. साडेपंच्याऐंशी इंच. त्याला ३.१४ने भागलं की २७.२. वजनाखाली टायर दबतो, त्यामुळे कागदावरचा २८ रस्त्यावर २७.२ होतो. फरक तीन टक्क्यांचा, पण दोन रेशोंमधलं अंतरच आठ-दहा टक्क्यांचं असतं, तेव्हा तीन टक्के सोडून देण्यासारखे नाहीत.

आता सूत्र. वेग मैलांत, गुणिले ॲक्सलचा रेशो, गुणिले ट्रान्समिशनचा त्या वेळचा रेशो, गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. उत्तर म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे. ३३६ हा मैल, इंच, तास-मिनिटं आणि पाय (π, म्हणजे ३.१४) यांचा एकत्र केलेला आकडा आहे, त्यात गूढ काही नाही. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) थोडा घसरतो, म्हणून लॉक नसताना प्रत्यक्षात काही टक्के जास्तच धरायचे.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर असं होतं: आठवड्यातून एक-दोनदा नाइल्स कॅन्यनच्या वळणांवरून सुनोलपर्यंत, तिथे ताशी ४० ते ५० मैल. उन्हाळ्यात प्लेझंटनला फेअरग्राउंडवर जुन्या गाड्यांचे शो असतात, तिथपर्यंत ६८० हायवेने, म्हणजे ६५ आणि सुनोलचा चढ. वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या वेळी आय-५ने लॉस एंजेलिसकडे, तिथे तासन्‌तास ७०. (६५ म्हणजे ताशी सुमारे १०५ किलोमीटर, ७० म्हणजे ११३.) क्वार्टर माइलच्या पट्टीवर (पाव मैलाच्या सरळ शर्यतीला) गाडी नेणार नव्हतो. हे कबूल करताना जरा जड गेलं, कारण ४.१०चं सगळं आकर्षण त्या पट्टीचंच असतं.

टर्बो ३५०चा तिसरा गिअर सरळ, एकास एक. म्हणजे ६५ला ३.०७ने इंजिन सुमारे २,४६५ फेऱ्यांवर, ३.४२ने २,७५०, ३.७३ने ३,०००, ४.१०ने ३,३००. ७०ला गेलात तर ४.१०ने साडेतीन हजारांच्या वर. ओळखीतल्या एकाच्या सी-१०मध्ये टर्बो ३५० आणि ४.११ आहे. जानेवारीत त्याने मला ट्रेसीपर्यंत फिरवून आणलं. गावात गाडी म्हणजे बाण. ५८० हायवेवर आल्टमाँटची खिंड चढताना मात्र आम्ही एकमेकांशी बोलणंच सोडून दिलं, कारण ऐकूच येत नव्हतं. त्याला ते आवडतं. मला अर्ध्या तासात कळलं की मला नाही.

म्हणजे नुसता मागचा रेशो बदलून माझं भागणार नव्हतं. सायकलला मागची मोठी चकती लावली की चढ सोपा होतो पण सपाटीवर पाय भिरभिरतात, तसंच हे. दोन्ही हवं असेल तर गिअर वाढवायला हवेत. म्हणून ओव्हरड्राइव्ह (शेवटच्या गिअरला इंजिन शाफ्टपेक्षा हळू फिरतं) असलेलं ७००-आर-४ ट्रान्समिशन घ्यायचं ठरलं. चार गिअर: ३.०६, १.६३, १.००, ०.७०. टर्बो ३५०चे तीन: २.५२, १.५२, १.००.

इथे एक गणित करून बघा, बरेच जण ते करत नाहीत. गाडी जागेवरून उचलते तेव्हा पहिला गिअर गुणिले मागचा रेशो, एवढंच चाकापर्यंत पोचतं. टर्बो ३५० आणि ३.०७ म्हणजे ७.७४. टर्बो ३५० आणि ३.७३ म्हणजे ९.४०. आणि ७००-आर-४ जुन्या ३.०७सकट? ९.३९. म्हणजे ट्रान्समिशन बदललं की मागे हात न लावताच ३.७३ टाकल्याएवढी उचल मिळते. ज्यांचं ७००-आर-४ आधीच आहे आणि तरी “मागे ४.११ टाक” हा सल्ला ऐकतात, ते टर्बो ३५०वाल्याचा सल्ला ऐकत असतात.

मार्चमध्ये हेवर्डच्या एका ट्रान्समिशनवाल्याकडून पुन्हा बांधलेलं ७००-आर-४ घेतलं, लॉकअप कन्व्हर्टरसकट २,१५० डॉलर. टर्बो ३५० तीन वेगवेगळ्या लांबीच्या शेपट्यांसह (मागच्या निमुळत्या भागांसह) येतो. माझा आखूड शेपटीचा निघाला, त्यामुळे नवं ट्रान्समिशन तीन इंच लांब, क्रॉस मेंबर (ट्रान्समिशन ज्यावर टेकतं तो आडवा दांडा) मागे सरकवायचा आणि प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करून घ्यायचा. शाफ्टचे २४० डॉलर. तुमचा लांब शेपटीचा असेल तर कदाचित शाफ्टला हातही लावावा लागणार नाही. ऑर्डर देण्याआधी खाली घुसून मोजा. आणि टीव्ही, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल. कार्बुरेटरच्या लिव्हरपासून ट्रान्समिशनला जाणारी ही केबल किक डाउनची (पाय दाबला की खालचा गिअर घ्यायला लावणारी) नाही, ती आतला दाब ठरवते. भूमिती चुकीची असेल किंवा केबल ढिली असेल तर थोड्याच मैलांत क्लच जळतात. बाजारातल्या फोर बॅरल कार्बुरेटरला त्यासाठी ही भूमिती जुळवणारा वेगळा ब्रॅकेट लागतो, चाळीस-पन्नास डॉलरचा. तो वाचवू नका. दाबाचा गेज लावून केबल बसवून घेतली, गाडी त्यानंतरच रस्त्यावर.

यानंतर मागचं काम लगेच केलं नाही. एक तर पैसे, दुसरं म्हणजे ३.०७ आणि ओव्हरड्राइव्ह एकत्र कसे लागतात ते पाहायचं होतं. एप्रिल असाच चालवला, आणि रेशोचा निर्णय खरं तर या महिन्यातच झाला. उचल गणिताप्रमाणे मस्त सुधारली. हायवेवर ६५ला इंजिन १,७२५च्या आसपास. ऐकायला छान वाटतं, पेट्रोल वाचेल असंही वाटतं. पण माझ्या कॅमच्या कार्डावर कामाचा पट्टा १,८०० ते ५,८०० लिहिलेला आहे. त्याखाली इंजिन मोकळा श्वासच घेत नाही. कन्व्हर्टर लॉक झाला की सीटखालून एक मंद थरथर यायची, जरा चढ आला की चौथ्यातून तिसऱ्यात, चढ संपतो न संपतो तोच पुन्हा चौथ्यात. सुनोलच्या चढावर तर हे इतक्या वेळा झालं की शेवटी मी लिव्हर तिसऱ्यातच ओढून ठेवला. पेट्रोलही काही वाचलं नाही, कारण पाय सतत खाली.

म्हणजे खालची मर्यादा कळली: ६५ला दोन हजारांच्या आसपास किंवा थोडं वर. वरची मर्यादा आल्टमाँटला कळलीच होती. मध्ये उरले ३.४२, ३.७३ आणि ४.१०. ओव्हरड्राइव्हमध्ये ६५ला ते अनुक्रमे १,९२०, २,१०० आणि २,३०० देतात. पहिल्या गिअरमधली उचल १०.४७, ११.४१ आणि १२.५५.

४.१० कागदावर वाईट नव्हता. ७०ला २,४८०, कुणाचे कान दुखणार नाहीत. तो मी बाद केला वजनकाट्याच्या पावतीवरून. मागच्या ॲक्सलवर १,६४० पौंड, म्हणजे चाकामागे ८२०. रिकाम्या पिकअपची शेपूट हलकी असते, तिथे साडेबारा पट जोर नेला तर टायर नुसता धूर काढणार. शिवाय ७००-आर-४मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये मोठी दरी आहे. ५,०००वर गिअर बदलला की इंजिन २,६६०वर येऊन पडतं (टर्बो ३५०मध्ये ते ३,०००च्या वर राहतं). मागचा रेशो जितका जास्त, तितका पहिला गिअर लवकर संपतो आणि ही दरी तुम्ही चौकातच ओलांडता. ज्याच्या इंजिनात मोठा कॅम आहे, मागे ३०-३१ इंची टायर आहे, किंवा जो बोट ओढतो, त्याला ४.१० बरोबर. माझ्यात यातलं काही नाही.

३.४२ विरुद्ध ३.७३ हा खरा सामना. ६५ला फरक पावणेदोनशे फेऱ्यांचा, पेट्रोलमध्ये तो दिसणारही नाही. पैशात मात्र दिसतो. ट्रकच्या ट्वेल्व्ह बोल्टमध्ये क्राउन ज्यावर बसतो ते कॅरिअर दोन प्रकारचं असतं. पिनियन लहान झाला की क्राउन त्याच्याकडे सरकवावा लागतो, म्हणून ३.४२पर्यंतच्या रेशोंना एक कॅरिअर आणि ३.७३पासून पुढे दुसरं. म्हणजे ३.४२ माझ्या जुन्या कॅरिअरवर बसला असता आणि सातेकशे डॉलर वाचले असते. पण ते कॅरिअर ओपन. ओल्या रस्त्यावर एकच चाक फिरणार, मग एवढी उचल कशासाठी? मला लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा डिफरन्शियल) तसाही हवा होता, म्हणजे कॅरिअर तसंही नवं येणार होतं. मग ३.७३च का नको? त्यात ५५ला चौथा गिअर ३.४२ने कॅमच्या पट्ट्याखाली बराच घसरला असता, ३.७३ने तो जवळपास काठावर राहतो. निर्णय झाला. मामांना सांगितलं तर म्हणाले, “बरं, पण क्राउन-पिनियन जोडीनंच घे. आणि बसवणाऱ्याजवळ उभा राहा.”

लिमिटेड स्लिप म्हणून ईटनचा ट्रूट्रॅक घेतला. त्यात क्लच प्लेट नाहीत, तिरके गिअर आहेत, त्यामुळे झिजण्यासारखं कमी आणि तेलात वेगळं ॲडिटिव्ह लागत नाही. ६९० डॉलर. क्राउन-पिनियन २८५, बेअरिंग, शिम (पातळ चकत्या), सील, क्रश स्लीव्ह यांचा किट १८०. मेच्या सुरुवातीला ऑर्डर दिली. गिअर आठवड्यात आले, कॅरिअर बॅक ऑर्डरवर. “दोन आठवडे” असं तीनदा ऐकलं आणि जूनच्या मध्याला पेटी आली. सगळे भाग दारात आल्याशिवाय गॅरेजची तारीख घेऊ नका. इथली बरी गॅरेजं महिनाभर आधी भरलेली असतात आणि तुमची उघडी गाडी कोणी लिफ्टवर ठेवून घेत नाही.

गॅरेजने मजुरीचे ७५० सांगितले. आधी दोन ठिकाणांहून ५००चे भाव आले होते. मी एकच प्रश्न विचारत होतो: काम झाल्यावर पॅटर्नचा (दात एकमेकांना कुठे टेकतात त्या खुणेचा) फोटो आणि बॅकलॅशचा (दातांमधल्या मोकळ्या जागेचा) आकडा लिहून द्याल का? एकाने विषय बदलला, एकाने “गरज नसते” म्हटलं. ७५०वाल्याने जुन्या कामांचे फोटो फोनवर दाखवले.

जूनच्या शेवटी काम झालं. अर्धा दिवस रजा टाकून मी उभा होतो. कव्हर काढलं, जुनं तेल गेलं, मधली पिन काढून ॲक्सल आत ढकलले की त्यांच्या टोकाच्या सी आकाराच्या क्लिपा हातात पडतात आणि ॲक्सल बाहेर येतो. मग खरं काम सुरू. पिनियन किती खोल बसवायचा ते त्याच्या मागच्या शिमच्या जाडीवर ठरतं, आणि ही जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. बसवायचं, क्राउनच्या दातांना पिवळा रंग फासायचा, फिरवायचं, आणि दातावर रंग कुठे पुसला गेला ते बघायचं. पहिल्यांदा खूण दाताच्या मुळाशी उमटली, म्हणजे पिनियन जास्त आत. सगळं पुन्हा काढलं, शिम पातळ केला. दुसऱ्यांदा खूण शेंड्याकडे गेली. तिसऱ्या खेपेला दाताच्या मधोमध, लांबट, कडा मऊ. बसवणारा काही बोलला नाही, मोबाइल काढून फोटो घेतला आणि चहासारखी काळी कॉफी प्यायला गेला. जेवणानंतर बॅकलॅश: डायल इंडिकेटरचा काटा क्राउनच्या दातावर टेकवून क्राउन मागेपुढे हलवायचा. या ॲक्सलला सहा ते दहा हजारांश इंच चालतो. त्याने कागदावर आठ लिहिलं.

नव्या गिअरना सवय लावावी लागते. पहिल्यांदा वीस मिनिटं सावकाश, मग पूर्ण थंड होऊ द्यायची, असं थोड्या वेळा. ५०० मैल जोर नाही, ओझं नाही, मग तेल बदल. हे पाळलं, तरी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ४५च्या आसपास पाय काढला की मागून बारीक हुंकार यायला लागला. पाय दाबला की बंद. दाबल्यावर आणि सोडल्यावर दाताची वेगवेगळी बाजू काम करते, म्हणून आवाज नेमका केव्हा येतो ते लिहून ठेवा, “मागून आवाज येतो” एवढं सांगून भागत नाही. गॅरेजने आधी “नव्या गिअरचा असतो, जाईल” म्हणून बोळवण केली. मी बॅकलॅश पुन्हा मोजून द्या म्हणालो. कव्हर उघडलं तर अकरा भरला. कॅरिअरचा एका बाजूचा शिम नीट बसलेला नव्हता. पुन्हा आठवर आणलं, पैसे घेतले नाहीत, नव्या तेलाचे तीस डॉलर मात्र घेतले. तो लिहून दिलेला आकडा नसता तर मी कशाच्या जोरावर बोललो असतो?

राहिला स्पीडोमीटर. रेशो बदलला की तो खोटं बोलायला लागतो. ट्रान्समिशनच्या शेपटीत एक ड्राइव्ह गिअर असतो, माझा १५ दातांचा, आणि केबलच्या टोकाला रंगीत प्लास्टिकचा दुसरा. हिशेब: ड्राइव्हचे दात गुणिले मागचा रेशो गुणिले टायरचे मैलाला फेरे, भागिले १,००१. २८ इंच धरले तर उत्तर ४०, ड्राइव्हवेवर मोजलेल्या टायरने ४१. ४१चा बसवला, १८ डॉलर. फोनच्या जीपीएसवर ६५ असताना काटा पासष्टच्या केसभर पुढे.

ऑगस्टमध्ये विमा कंपनीला फोटो आणि बिलं पाठवली. जुन्या गाडीचा विमा ठरलेल्या किमतीवर असतो, आणि केलेले बदल कळवले नाहीत तर ती किंमत जुनीच राहते. एकूण खर्च ट्रान्समिशनसकट साडेचार हजारांच्या आसपास गेला, त्यातला मागच्या ॲक्सलचा १,९५०.

गाडी आता कशी चालते? सुनोलच्या चढावर चौथ्यातच राहते, पाय फार खोल गेला तरच तिसऱ्यात उतरते. ७०ला इंजिन २,२५०वर आणि आतल्या माणसांना बोलता येतं. सिग्नलला पूर्ण दाबली तर मागची दोन्ही चाकं क्षणभर भिरभिरतात आणि मग धरतात. पेट्रोल एप्रिलपेक्षा किंचित बरं, पण फार नाही. त्यासाठी हे काम कुणी करू नये.

परवा सॅन होजेच्या एका मराठी मित्राने ७०ची सी-१० घेतली. टर्बो ४००, ओव्हरड्राइव्ह नाही, मागे ३.०७, आणि रोज ८८०ने ऑफिसला जायचा विचार. विचारत होता, तुझ्यासारखा ३.७३ टाकू का? त्याला म्हटलं, आधी टायर मोज, आणि ट्रान्समिशन बदलायचं नसेल तर ३.०७च राहू दे.